द्राक्षाचा पहिला कंटेनर रॉटरडॅमला पाठवताना थंडी कशी सांभाळली

२०२३-२४ च्या सीझनला आमच्या शेतकरी कंपनीने पहिल्यांदा स्वतःच्या नावावर द्राक्षाचा कंटेनर युरोपला पाठवला. त्याआधी आम्ही सगळे सभासद दिंडोरी-निफाड पट्ट्यातले इतर बागायतदार करतात तेच करायचो, निर्यातदाराची गाडी बागेवर यायची, घड क्रेटमध्ये जायचे, वजन झालं की आपला विषय संपला. पुढं तो माल किती डिग्रीला राहतो, किती तास उन्हात थांबतो, जहाजात काय होतं, याचा आपल्याशी संबंधच नव्हता. यावेळी संबंध होता, कारण माल खराब झाला तर नुकसान आमचंच, आणि कागदपत्रं आणि थंडी या दोन्ही गोष्टींची जबाबदारी माझ्याकडं होती. तेव्हा मला जे ठिकठिकाणी विचारत फिरावं लागलं ते एका जागी लिहून ठेवतोय. लांब झालंय, पण ज्यांना करायचंय त्यांनी वाचा.

सुरुवात ऑगस्टमध्ये कागदांनी झाली. आयईसी, म्हणजे आयात-निर्यात कोड, डीजीएफटीच्या, म्हणजे केंद्राच्या परदेशी व्यापार खात्याच्या, पोर्टलवर ऑनलाइन मिळतो, फी ५०० रुपये, ते सगळ्यात सोपं काम. मग अपेडाचं, म्हणजे शेतमाल निर्यातीच्या सरकारी संस्थेचं, आरसीएमसी (नोंदणी आणि सदस्यत्वाचं प्रमाणपत्र), मग बँकेचा एडी कोड, म्हणजे परदेशी व्यवहार करणाऱ्या शाखेचा नंबर, घेऊन तो कस्टमच्या आइसगेट पोर्टलवर न्हावा शेवा बंदरासाठी रजिस्टर करायचा, हे तेव्हा प्रत्येक बंदरासाठी वेगळं करावं लागायचं. एडी कोडचं पत्र बँकेकडून यायलाच बरेच दिवस गेले कारण आमच्या शाखेत आधी कुणी मागितलंच नव्हतं, तेव्हा हे काम सीझनच्या तोंडावर ठेवू नका.

त्याच्यासोबतच बागांची नोंदणी. युरोपला द्राक्ष पाठवायचं तर प्लॉट अपेडाच्या ग्रेपनेटवर नोंदलेला पाहिजे, ही सिस्टीम २००६ पासून चालू आहे. सातबारा, प्लॉटचा नकाशा, फवारणीची वही घेऊन तालुका कृषी कार्यालयात अर्ज, मग कृषी अधिकारी बाग बघून जातात आणि प्रत्येक प्लॉटला नंबर पडतो. हाच नंबर पुढं पॅकहाऊस (माल निवडून पॅक करायची जागा), लॅब, अॅगमार्क (सरकारी दर्जाचा दाखला), फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट (माल कीड-रोगमुक्त असल्याचा दाखला) सगळीकडं चालतो, त्यामुळं बॉक्सवरचा नंबर वाचून तो माल कुठल्या बागेतला हे रॉटरडॅममध्ये बसलेला माणूस सांगू शकतो. आमच्यातले जुने लोक २०१० ची आठवण काढत होते, त्या वर्षी क्लोरमेक्वाट या वेलीची वाढ रोखणाऱ्या औषधाच्या अंशामुळं आपल्या द्राक्षांचे कंटेनर युरोपमध्ये अडकले होते आणि माल कितीही थंड, कितीही ताजा असला तरी काही उपयोग नव्हता. म्हणून फवारणीची वही आणि काढणीआधी पाळायचे दिवस यात कुणालाही सूट द्यायची नाही असं आम्ही बैठकीतच ठरवून टाकलं.

थंडीचं काम मात्र मी दिवाळीनंतर, म्हणजे माल यायच्या दोन-अडीच महिने आधी सुरू केलं आणि मला वाटतं तेच सगळ्यात उपयोगाचं ठरलं. आमचं स्वतःचं पॅकहाऊस नाही, अपेडाची मान्यता असलेलं भाड्यानं घ्यायचं होतं, दर किलोवर ठरतो त्यात पॅकिंग, प्रीकूलिंग (पॅक केलेला माल झटपट गार करणं) आणि काही दिवसांचं कोल्ड स्टोरेज येतं. दोन-तीन ठिकाणी जाऊन बघितलं. सगळीकडं पहिल्यांदा रेट सांगतात, मी मात्र प्रीकूलिंगच्या खोल्या किती, एका वेळी किती टन बसतो, लाइट गेली तर जनरेटर किती मिनिटात लोड घेतो, आणि भिंतीवरच्या डिस्प्लेचा सेन्सर कुठं लावलाय हे विचारत बसलो. सेन्सर जर पंख्यासमोर असेल तर डिस्प्ले शून्य दाखवेल आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाचा माल पाच-सहा डिग्रीला असेल, असं एका ठिकाणी प्रत्यक्ष दिसलं.

याच वेळी मी एक चांगला प्रोब थर्मामीटर घेतला, सुईवाला, मण्यात खुपसता येतो तो. तो बरोबर दाखवतो का हे तपासायची पद्धत अगदी सोपी आहे, ग्लासभर बर्फाचा बारीक चुरा घ्यायचा, त्यात थोडंच पाणी टाकायचं, ढवळून दोन-तीन मिनिटं थांबायचं आणि सुई मधोमध धरायची, शून्य दाखवलं पाहिजे. अर्धा डिग्री फरक असेल तर तो फरक वहीत लिहून ठेवायचा. द्राक्षाच्या बाबतीत अर्धा डिग्री लहान गोष्ट नाही, कारण आपल्याला माल शून्याच्या आसपास, शक्यतो शून्य ते मायनस अर्धा असा ठेवायचाय, पिकलेला मणी साखरेमुळं शून्याखाली दोनेक डिग्रीपर्यंत गोठत नाही पण त्याच्याजवळ जाऊन चालणार नाही, आणि वरच्या बाजूला दोन-तीन डिग्री जास्त महिनाभर राहिले तर देठ तपकिरी पडतो आणि बुरशीला वाव मिळतो.

इथं देठाबद्दल थोडं सांगतो कारण मला स्वतःला हे आधी कुणी समजावून सांगितलं नव्हतं. द्राक्ष तोडल्यावर पिकत नाही, आंबा-केळ्यासारखं त्याचं नाही, ज्या गोडीला तोडलं ती गोडी. त्यामुळं आपल्याला वाटतं की याला थंडीची एवढी काय घाई. पण घडात मण्यापेक्षा देठाचं श्वसन कितीतरी जास्त चालतं, देठातून पाणी लवकर उडतं, आणि युरोपातला खरेदीदार पन्नेट, म्हणजे द्राक्षाची छोटी डबी, उचलल्यावर पहिल्यांदा देठच बघतो. हिरवा देठ म्हणजे ताजा माल. तोडणी झाल्यापासून प्रीकूलिंगमध्ये जाईपर्यंतचे जे तास असतात त्यातच देठाचं आयुष्य ठरतं, आणि तिथं गेलेलं पाणी पुढं कितीही चांगला कंटेनर असला तरी परत येत नाही.

जानेवारीच्या शेवटी लॅबचे लोक औषधांचे अंश तपासायला सॅम्पल घ्यायला आले. प्रत्येक प्लॉटचं वेगळं सॅम्पल, वेगळी फी, आणि रिपोर्ट यायला आठवडाभर तरी धरावा लागतो. तेवढे दिवस ब्रिक्स, म्हणजे मण्यातली गोडी, तयार होत आलेली असते, हवामान खात्याकडं डोळे असतात आणि तोडता येत नाही. सगळ्यांचे फोन मलाच. एका सभासद काकांनी तर दिवसात चार वेळा विचारलं, "आला का रिपोर्ट?" त्यांचंही बरोबर होतं, वर्षभराचं पीक वेलीवर लटकत होतं. रिपोर्ट सगळे पास आले आणि फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात तोडणी धरली.

तोडणीच्या वेळेवरून आमच्यात बरीच चर्चा झाली. फेब्रुवारीत आमच्याकडं पहाटे चांगलीच थंडी असते आणि दुपारी तापमान तिशीच्या वर जातं. थंड मणी पाहिजे तर पहाटेच तोडायला हवं, पण पहाटे मण्यावर दव असतं आणि ओला घड बॉक्समध्ये गेला तर पुढं बुरशी रोखायला ठेवतात त्या सल्फर डायऑक्साइडच्या पॅडचं गणित बिघडतं. म्हणून दव सुकलं की सुरू करायचं आणि साडेदहा-अकराच्या आत कात्री खाली ठेवायची असं ठरलं, म्हणजे हातात तीन-साडेतीन तासच. मजूर जास्त लावावे लागले, खर्च वाढला, काहींना ते पटलं नाही. मग मी सुई घेऊन सगळ्यांसमोर मोजून दाखवलं, आठच्या सुमाराला सावलीतल्या घडाचा मणी १५ डिग्री होता आणि अकरानंतर उन्हात राहिलेल्या क्रेटमधला वरचा मणी २८ च्या पुढं गेलेला. त्यानंतर कुणी वाद घातला नाही. क्रेट वेलीखाली सावलीतच ठेवायचे, वर कागद टाकायचा, आणि गाडी पूर्ण भरायची वाट न बघता छोट्या गाडीच्या जास्त खेपा करायच्या. डिझेलचे पैसे जातात पण ते पैसे वसूल होतात हे मी खात्रीनं सांगतो.

पॅकिंग हॉल वातानुकूलित होता. तिथं खराब मणी काढणं, साइजप्रमाणं निवड, अर्धा किलोचे पन्नेट, दहा पन्नेटचा पाच किलोचा बॉक्स, आत प्लास्टिकचा लायनर, म्हणजे पिशवी. बायका इतक्या सफाईनं काम करतात की मण्यावरची पांढरी पावडर पुसली जात नाही, घड देठालाच धरायचा, मण्याला बोट लावायचं नाही. हॉलमध्ये भरलेले बॉक्स साठू द्यायचे नाहीत, पॅलेट, म्हणजे बॉक्स रचायची चौकट, पूर्ण झालं की लगेच आत.

आता प्रीकूलिंग. यावर मी जास्त लिहितोय कारण सगळी साखळी इथं जुळते नाहीतर इथंच तुटते. साधी कोल्ड रूम आणि प्रीकूलिंग यात फरक आहे. कोल्ड रूममध्ये बॉक्स नुसता ठेवला तर बाहेरचा पुठ्ठा गार होतो आणि आतला मणी गार व्हायला दिवस-दीड दिवससुद्धा जातो. प्रीकूलिंगमध्ये पॅलेटच्या दोन रांगा लावून मधल्या बोळाच्या वर ताडपत्री टाकतात आणि मोठा पंखा तिथली हवा ओढतो, त्यामुळं गार हवा बॉक्सच्या भोकांमधून जबरदस्तीनं आत शिरते आणि मण्यांच्या मधून जाते. बॉक्सची भोकं एकावर एक जुळली नाहीत किंवा दोन पॅलेटमध्ये फट राहिली तर हवा तिथून निघून जाते आणि आत काही पोहोचत नाही. आम्ही फटी फोमच्या पट्ट्यांनी बुजवल्या.

वेळेचं गणित असं आहे. समजा मणी २४ डिग्रीचा आणि हवा शून्याची. पहिल्या दोन तासात तो निम्म्यावर येतो, १२. पुढच्या दोन तासात परत निम्म्यावर, ६. त्यापुढच्या दोन तासात ३. म्हणजे सहा तासात आठ भागांपैकी सात भाग उष्णता निघाली, या धंद्यातले लोक यालाच सात-अष्टमांश कूलिंग म्हणतात. सुरुवातीला आकडा भराभर पडतो आणि सगळ्यांना वाटतं झालं, पण शेवटचे दोन-तीन डिग्री उतरायला तेवढाच वेळ लागतो आणि तो द्यावाच लागतो. पहिल्या रात्री सुपरवायझर म्हणाला, "भाऊ, डिस्प्ले शून्य झालाय, काढू का? मागची गाडी थांबलीय." मी पंख्यापासून सगळ्यात लांबच्या पॅलेटमधला, मधल्या थरातला बॉक्स उघडून मण्यात सुई घातली, साडेसात डिग्री. त्यालाही दाखवलं. मग आम्ही थांबलो, मणी अडीचवर आल्यावरच पॅलेट हलवलं. त्यानंतर तो स्वतःच सुई मागायचा आणि मला फोनवर आकडा सांगायचा. हवा किती आणि फळ किती, हे दोन आकडे वेगळे लिहायचे ही सवय लावून घ्या.

हवेतली आर्द्रताही ९० ते ९५ टक्के ठेवावी लागते, नाहीतर तोच जोराचा पंखा देठ सुकवतो. आणि मणी पूर्ण गार झाल्यावरच सल्फर डायऑक्साइडचं पॅड ठेवून लायनर बंद करायचा. या पॅडमध्ये सोडियम मेटाबायसल्फाइट असतं, ओल लागली की त्यातून वायू सुटतो, दोन टप्प्यांच्या पॅडमध्ये पहिला टप्पा लगेच आणि दुसरा पुढचे कित्येक आठवडे हळूहळू. गरम मालावर पॅड ठेवून पिशवी बंद केली तर आत पाणी सुटतं, वायू एकदम बाहेर येतो, मणी देठाजवळ पांढरे पडतात आणि शेवटच्या आठवड्यांसाठी, जेव्हा खरी गरज असते, पॅडमध्ये काही उरत नाही. आमचा माल किती दिवस समुद्रात राहणार हे त्यावेळी नक्की माहीत नसल्यामुळं मला या पॅडचीच जास्त काळजी होती.

कारण मध्येच लाल समुद्राचं प्रकरण झालं होतं. २०२३ च्या नोव्हेंबरपासून तिथं जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि डिसेंबरमध्ये मोठ्या शिपिंग कंपन्यांनी सुएझचा रस्ता सोडून केप ऑफ गुड होपला वळसा घालायला सुरुवात केली. आम्ही ऑक्टोबरमध्ये साधारण साडेतीन आठवड्यांचा प्रवास धरून सगळं बसवलं होतं, तो आता पाच आठवड्यांच्या पुढं जाणार होता आणि कंटेनरचं भाडं आधीच्या कोटेशनच्या जवळपास दुप्पट झालं. बैठकीत काही जण म्हणाले यावर्षी राहू दे, बागेवरच देऊन टाकू. मी आयातदाराशी बोललो, त्यानं सांगितलं की सगळ्यांचाच माल उशिरा येतोय, देठ हिरवा ठेवून आणलात तर भाव मिळेल. शेवटी हो-नाही करत पाठवायचं ठरलं, पण जास्त कडक निवड करून, ज्या प्लॉटचे मणी जरा मऊ वाटले तो माल आम्ही बाजूला काढून लोकल मार्केटला दिला.

कोल्ड स्टोरेजमध्ये साधारण १३ टन जमेपर्यंत थांबलो. अॅगमार्कची तपासणी आणि फायटोसॅनिटरीची तपासणी याच काळात होते, अधिकारी काही बॉक्स उघडून बघतात. एक सूचना इथं महत्त्वाची, तपासणीचे बॉक्स बाहेरच्या गरम हॉलमध्ये नेऊ नका. गार मणी गरम हवेत आला की लगेच घाम फुटतो आणि तेच बॉक्स परत पॅलेटवर गेले तर शेजारच्या बॉक्सलाही त्रास. आम्ही अधिकाऱ्यांना विनंती करून कोल्ड रूमच्या बाहेरच्या गार पॅसेजमध्ये टेबल मांडलं, त्यांना स्वेटर दिले, त्यांनीही समजून घेतलं. पॅलेट लाकडी असतात तर त्यावर आयएसपीएम १५ चा, म्हणजे लाकडावर कीड मारायची प्रक्रिया झाल्याचा, शिक्का आहे का हे प्रत्येक पॅलेटवर बघा, तो नसेल तर तिकडं कंटेनर अडतो.

कंटेनर फेब्रुवारीच्या शेवटी आला. ४० फुटी हाय क्यूब (जास्त उंचीचा) रीफर, म्हणजे थंडीची मशीन असलेला कंटेनर. रीफरबद्दल सगळ्यात मोठा गैरसमज असा की तो माल गार करतो. तो करत नाही, त्याची मशीन गार माल गार ठेवण्यापुरतीच असते. आठ-दहा डिग्रीचा माल आत घातला तर कित्येक दिवस तो तसाच राहतो, आणि तोपर्यंत जे व्हायचं ते होऊन जातं. आल्याआल्या पीटीआयची तारीख बघितली, म्हणजे रिकामा असताना मशीनची तपासणी झालीय का ते, आत शिरून वास घेतला, आधी मासे-बिसे नेले असतील तर कळतं, दाराचं रबर, जमिनीतली पाणी निघायची भोकं, टी आकाराच्या पट्ट्यांमध्ये कचरा अडकलाय का, सगळं टॉर्च लावून पाहिलं. डिस्प्लेवरचा सेट पॉइंट, म्हणजे मशीनला लावून दिलेलं तापमान, बुकिंगच्या कागदाशी जुळवला, मायनस ०.५. व्हेंटची, म्हणजे बाहेरच्या हवेच्या झडपेची, जागा बुकिंगप्रमाणं आहे का तेही बघितलं आणि या सगळ्याचे तारखेसकट फोटो काढले.

लोडिंग संध्याकाळी केलं. दार उघडं असताना मशीन बंद ठेवायची, चालू ठेवली तर ती बाहेरची दमट हवा आत ओढते आणि कॉइलवर बर्फ धरतो. आणि डॉक कंटेनरला घट्ट बसणारा नसेल तर रिकामा कंटेनर आधीच गार करूनही ठेवू नये, दार उघडल्यावर भिंतींना पाणी सुटतं आणि ते पुठ्ठ्यावर पडतं. रीफरमध्ये गार हवा जमिनीतून वर येते, म्हणून जमीन पूर्ण झाकली गेली पाहिजे. शेवटच्या पॅलेटनंतर दाराजवळ जी उघडी पट्टी राहते तिथून हवा सरळ वर निघून जाते आणि मालातून फिरतच नाही, ती पट्टी आम्ही जाड पुठ्ठ्यानं झाकली. वरची लाल रेघ ओलांडायची नाही, तिच्यावर हवा परत जायला जागा लागते.

डेटा लॉगर, म्हणजे तापमान नोंदवत राहणारी छोटी यंत्रं, तीन लावले, एक मशीनच्या बाजूला, एक मधे, एक दाराजवळच्या पॅलेटमध्ये, साधारण दीड-दोन हजारांना एक पडला. त्यांचे नंबर पॅकिंग लिस्टमध्ये लिहिले आणि बटण दाबून चालू झालेत याचा फोटो काढला. खर्च वाचवायला एकच लावतात बरेच जण, मला ते पटत नाही, कारण दाराजवळचा माल आणि मशीनजवळचा माल यांचं आयुष्य वेगळं असतं आणि पुढं वाद झाला तर तुमच्या बाजूनं बोलायला तेवढंच असतं. शेवटच्या पॅलेटचा मणी मोजला, ०.८. दार लावलं, ई-सील (कस्टमसाठीचं इलेक्ट्रॉनिक सील) लागलं, मशीन चालू झाली आणि सप्लायचा, म्हणजे मशीनमधून मालाकडं जाणाऱ्या हवेचा, आकडा खाली यायला लागला तेव्हा रात्रीचे दहा वाजले असतील, कुणालाच घरी जावंसं वाटत नव्हतं.

रस्त्यात मशीन जेनसेटवर, म्हणजे सोबतच्या डिझेल जनरेटरवर, चालते. कसारा घाट उतरून भिवंडीच्या ट्रॅफिकमधून न्हावा शेवापर्यंत जेनसेट चालू राहिला पाहिजे, म्हणून ड्रायव्हरदादांना निघताना टाकी भरून दिली, आणि दर थांब्यावर डिस्प्लेचा फोटो व्हॉट्सअॅपवर टाका अशी विनंती केली. त्यांनी मनापासून टाकले. बंदराच्या बाहेर लाइन होती, तिथं सकाळ गेली, जेनसेट चालूच होता. आत गेल्यावर कंटेनर प्लगवर, म्हणजे बंदराच्या विजेवर, लागला, आणि मग कळलं की जहाजच उशिरा येतंय. आठवड्याच्या आसपास कंटेनर यार्डात प्लगवर उभा होता आणि प्लगिंगचे पैसे रोज वाढत होते. शिपिंग बिल (कस्टमला द्यायचा निर्यातीचा कागद), व्हीजीएम (भरलेल्या कंटेनरच्या वजनाचा दाखला) हे सीएचएनं, म्हणजे कस्टमचं काम बघणाऱ्या एजंटनं, वेळेत केलं होतं, त्या बाजूनं अडचण नव्हती. या वाट बघण्यात करण्यासारखं एकच होतं, रोज सीएचएकडून यार्डातल्या तापमानाचं रीडिंग लेखी मागणं. बिल ऑफ लेडिंगचा, म्हणजे शिपिंग लाइन देते त्या मालाच्या पावतीचा, ड्राफ्ट आला तेव्हा त्यावर सेट पॉइंट लिहिलेला नव्हता, तो आम्ही आग्रहानं टाकून घेतला. तुम्हीही घ्या, क्लेम करायची वेळ आली तर विमा कंपनी पहिल्यांदा तेच बघते.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात जहाज निघालं. शिपिंग लाइनच्या पोर्टलवर सप्लाय आणि रिटर्न (मालातून फिरून परत आलेल्या) हवेचे आकडे दिसतात, मी सकाळ-संध्याकाळ बघायचो. एका रात्री रिटर्न अचानक चार डिग्रीवर दिसला, झोप उडाली. फॉरवर्डरला, म्हणजे जहाजाचं बुकिंग करून देणाऱ्या एजंटला, फोन केला तर त्यानं शांतपणे समजावलं की ते डिफ्रॉस्ट आहे, कॉइलवरचा बर्फ वितळवायला मशीन थोडा वेळ गरम होते, सेन्सरजवळची हवा गरम दिसते पण मण्याचं तापमान तेवढ्यात हलत नाही, अर्ध्या-पाऊण तासात परत खाली येईल. आलं. त्यानंतर मी एकेका आकड्याकडं न बघता आलेख बघायला लागलो, छोटे छोटे टोकदार उंचवटे म्हणजे डिफ्रॉस्ट, आणि आलेख हळूहळू चढून तिथंच राहिला तर मात्र लगेच फोन. मधल्या एका बंदरात जहाज बदलताना काही तास आकडेच आले नाहीत, म्हणजे प्लग निघालेला होता. आयातदाराला आणि विमा एजंटला त्याच दिवशी ईमेल टाकून ठेवला.

एप्रिलच्या मध्यावर कंटेनर रॉटरडॅमला उघडला. दुपारी फोटो आले, पहिला फोटो देठाचा होता. हिरवा. मी तो फोटो लगेच ग्रुपवर टाकला आणि काकांचा फोन आला, यावेळी त्यांना काही विचारायचं नव्हतं, नुसतंच "दिसला" म्हणाले. क्वालिटी रिपोर्टमध्ये मण्याचं तापमान ०.२ ते ०.९, मणीगळ मर्यादेत, आणि दाराजवळच्या दोन पॅलेटमध्ये काही बॉक्सचे देठ तपकिरी पडायला लागलेले. त्यावर आयातदारानं सगळ्या कंटेनरवर कपात मागितली. आम्ही तिन्ही लॉगरच्या फाइल मागवल्या, मशीनकडचा आणि मधला लॉगर सुरुवातीपासून शेवटपर्यंत सपाट होते, दाराजवळच्यात जहाज बदलतानाचा उंचवटा स्पष्ट दिसत होता, तारीख-वेळ माझ्या ईमेलशी जुळत होती. दोन-तीन दिवस ईमेल इकडून तिकडं झाले आणि कपात त्या दोन पॅलेटपुरती राहिली. तीन लॉगरचे पैसे तिथंच वसूल झाले. त्या दोन पॅलेटचा क्लेम शिपिंग लाइनकडं टाकलाय, त्याचं उत्तर अजून यायचंय.

उरलेलं पेमेंट मे संपता संपता आलं, बँकेत ई-बीआरसी, म्हणजे निर्यातीचे पैसे आल्याचा दाखला, झाली. भाडं आणि प्लगिंगचा जादा खर्च वजा जाता बागेवरच्या भावापेक्षा किलोमागे जे जास्त मिळालं ते खूप नाही, पण मिळालं, आणि पुढच्या वर्षी दोन कंटेनर करायचं सभासदांनी ठरवलंय. दाराजवळच्या शेवटच्या दोन पॅलेटमध्ये सगळ्यात कडक आणि सगळ्यात आधी प्रीकूल झालेला माल लावायचा, आणि जमलं तर थेट जाणारं जहाज घ्यायचं, भाडं थोडं जास्त पडलं तरी. ज्यांना यंदा सुरू करायचंय त्यांनी एडी कोड आणि पॅकहाऊस या दोन गोष्टी पावसाळ्यातच उरकून घ्या, प्लॉटची नोंदणी दरवर्षी करावी लागते तेही विसरू नका. लॉगरच्या फाइल आणि प्रीकूलिंगच्या वहीचे फोटो माझ्याकडं आहेत, कुणाला बघायचे असतील तर पाठवतो.